अंगणासाठी सावलीचे झाड की लॉन? यावल परिसरासाठी कडुनिंब आणि हरळीची तुलना

दरवर्षी एप्रिल-मे महिन्यात यावल, फैजपूर, किनगाव, साकळी या भागातून एक प्रश्न हमखास येतो. नवीन घर बांधले आहे, पुढे दोन-चार गुंठे मोकळी जागा आहे, तेथे लॉन करावे की झाडे लावावीत? कधी हा प्रश्न शाळेच्या मुख्याध्यापकांचा असतो, कधी ग्रामपंचायतीचा, तर कधी रस्त्यालगतच्या शेतात मंगल कार्यालय, म्हणजे हल्लीच्या बोलीत ‘लॉन्स’, उभारू पाहणाऱ्या शेतकऱ्याचा. विचारणाऱ्याच्या मोबाइलमध्ये बहुतेक वेळा पुण्या-नाशिककडच्या एखाद्या हिरव्यागार अंगणाचा फोटो असतो. तिकडचा मे महिना आणि आपला मे महिना यात मोठा फरक आहे, आणि निर्णय याच फरकावर करायचा असतो.

तुलनेसाठी येथे सावलीचे झाड म्हणून कडुनिंब आणि लॉनचे गवत म्हणून हरळी घेतली आहे. दोन्ही वनस्पती या मातीत कोणी न लावताही वाढतात. हरळीला कोणी दुर्वा म्हणते, कोणी हराळी. रोपवाटिकेत ‘बर्म्युडा’ नावाने लॉनसाठी जे गवत विकले जाते ते याच गटातले आहे. केळीच्या बागेत ज्या हरळीच्या काड्या आपण वेचून बांधावर टाकतो, त्याच कुळातल्या गवताचे चौरस फुटावर पैसे मोजून आपण अंगणात गालिचे अंथरतो, हे आधी लक्षात घ्यावे.

आपल्या भागाचे पाणी आणि ऊन

यावल तालुका उत्तरेला सातपुडा आणि दक्षिणेला तापी यांच्यामध्ये आहे. डोंगराच्या पायथ्याशी दगडगोटे, मुरूम आणि वाळूचा पट्टा आहे. भूजलशास्त्रात याला ‘बझाडा’ म्हणतात. पावसाचे पाणी येथे पटकन मुरते. त्याखाली तापीकडे सरकत गेले की खोल गाळाची काळी-पिवळसर जमीन लागते, जी केळीसाठी ओळखली जाते. पाऊस साधारण ७०० मि.मी., तोही मुख्यतः जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. उरलेले आठ महिने केळी, हळद, ऊस, रब्बीचा गहू-हरभरा हे सगळे जमिनीखालच्या पाण्यावर. विहिरी मागे पडून कूपनलिका आल्या आणि त्यांची खोली वाढत गेली. भूजलाच्या अतिउपशाच्या याद्यांमध्ये यावल आणि रावेर ही नावे वारंवार आली आहेत, हे विस्तार कार्यकर्त्यांना सांगायला नको.

मे महिन्यात ४४-४५ अंश तापमान आपल्याकडे नेहमीचे. त्यावर कोरडा, गरम वारा. अशा वेळी घरासमोरच्या जागेकडून आपण काय मागतो हे स्पष्ट असावे. दुपारी चार वाजता ओट्यावर बसता यावे, पश्चिमेची भिंत रात्री दहापर्यंत तापलेली राहू नये, गाडी आणि जनावर सावलीत उभे राहावे, या गरजा आहेत. सकाळी हिरवे दिसावे ही आवड आहे. आवड असायला हरकत नाही, पण तिचे पाणी आधी मोजावे.

लॉन किती पाणी पिते

एक मि.मी. पाणी एक चौरस मीटरवर म्हणजे एक लिटर. मे महिन्यात हरळीचे लॉन हिरवे ठेवायचे तर आपल्या हवेत त्याला दिवसाला साधारण ६ ते ७ मि.मी. पाणी लागते. एक गुंठा म्हणजे १०१ चौरस मीटर. म्हणजे गुंठ्याला रोज ६०० ते ७०० लिटर गवताच्या मुळाशी पोहोचायला हवे. लॉनला बहुतेक ठिकाणी फवारे किंवा हातातली नळी वापरली जाते, त्यात वाऱ्याने उडून आणि कडेला सांडून पाव हिस्सा तरी जातो. म्हणजे विहिरीतून ८०० ते ९०० लिटर काढावे लागतात. मार्च ते जूनचा पहिला पाऊस, असे शंभर दिवस धरले आणि मार्चची गरज थोडी कमी धरली, तरी एका गुंठ्यासाठी ७० ते ८० हजार लिटर होतात. दहा हजार लिटरचे सात-आठ टँकर.

आता हेच पाणी केळीच्या भाषेत मांडू. दीड बाय दीड मीटरवर लावलेली केळी एका गुंठ्यात ४५ झाडे बसते. ठिबकवर मे महिन्यात झाडाला २० लिटरच्या आसपास पाणी देतो. म्हणजे ९०० लिटर. गुंठाभर लॉन आणि गुंठाभर केळी यांची उन्हाळ्यातली तहान जवळजवळ सारखी आहे, फरक एवढाच की लॉनवर घड येत नाही. ज्या शेतकऱ्याच्या कूपनलिकेला मे महिन्यात तास-दीड तासानंतर हवा येते, त्याने चार गुंठे लॉन करणे म्हणजे बागेतली १८० झाडे अर्ध्या पाण्यावर नेणे किंवा सोडून देणे. हा हिशोब घरात, विशेषतः लॉनचा आग्रह धरणाऱ्या तरुण मंडळींसमोर, कागदावर करून दाखवावा. बहुतेक वेळा वाद तिथेच मिटतो.

हरळीची एक चांगली बाजू मात्र सांगितलीच पाहिजे, कारण लॉन विकणारे ती सांगत नाहीत. पाणी बंद केले म्हणून हरळी मरत नाही. वरची पाती वाळतात, रंग पिवळा-करडा होतो, पण जमिनीतली खोडे जिवंत राहतात आणि पहिल्या दोन चांगल्या पावसांत आठ-दहा दिवसांत पुन्हा हिरवी होतात. बांधावरच्या हरळीला उन्हाळ्यात कोणी पाणी देतो का? ज्यांना लॉन हवेच आहे त्यांनी मार्च-एप्रिलपासून ते पिवळे पडू द्यावे. खोडे पूर्ण सुकू नयेत म्हणून हलक्या, मुरमाड जमिनीत तीन आठवड्यांतून एक पाणी पुरते, भारी जमिनीत तेही बहुधा लागत नाही. या काळात त्यावर वाहने नेऊ नयेत आणि कापणी करू नये. जुलै ते जानेवारी हिरवे आणि उन्हाळ्यात पिवळे, असे लॉन आपल्या भागाला परवडते. बारमाही हिरवे परवडत नाही.

कडुनिंबाचा हिशोब

कडुनिंबाच्या रोपाला पहिल्या उन्हाळ्यात दर तीन दिवसांनी १० ते १५ लिटर पाणी द्यावे. दुसऱ्या उन्हाळ्यात आठवड्याला एकदा ३० लिटर. तिसऱ्या वर्षी पंधरा दिवसांतून ४०-५० लिटर. खोल गाळाच्या जमिनीत चौथ्या वर्षापासून वेगळे पाणी लागत नाही. सातपुड्याच्या बाजूच्या दगडगोट्यांच्या जमिनीत एक-दोन वर्षे जास्त धरावीत. चार झाडांना पहिल्या उन्हाळ्यात दिवसाला सरासरी १५ ते २० लिटर पडतात, म्हणजे घरातल्या भांडी धुण्याच्या पाण्यात भागते. साबण-पावडर जास्त असलेले कपड्यांचे पाणी मात्र रोज एकाच आळ्यात सोडू नये, आपल्या चुनखडीयुक्त जमिनीत क्षार साठतात.

मोठे झालेले झाड पाणी घेत नाही असा याचा अर्थ नाही. ते घेते, पण पावसाळ्यात जमिनीच्या खोल थरात साठलेली ओल घेते, आणि ओल कमी झाली की पानांतून जाणारे पाणी आवरते. त्यासाठी पंप सुरू करावा लागत नाही.

सावलीच्या दृष्टीने कडुनिंबाचा सर्वांत मोठा गुण म्हणजे त्याचे वेळापत्रक. फेब्रुवारी-मार्चमध्ये जुनी पाने गळतात, लगेच तांबूस कोवळी पालवी येते, मार्च-एप्रिलमध्ये फुलोरा येतो आणि ऊन सर्वांत कडक असते तेव्हा झाड पूर्ण पानांवर असते. गुलमोहराकडे या नजरेने पाहा. मे महिन्यात त्याचा फुलोरा डोळ्यांना सुंदर दिसतो, पण खाली बसायला गेलो तर सावली विरळ, कारण पाने नुकती फुटू लागलेली असतात. सावलीचे झाड निवडताना ते पावसाळ्यात कसे दिसते हे न पाहता, १५ मे रोजी दुपारी त्याखाली जाऊन उभे राहावे.

झाडाखालची हवा बाहेरच्या हवेपेक्षा फार थंड नसते, फरक एक-तीन अंशांचाच असतो. तरीही तेथे बरे वाटते, कारण ऊन थेट अंगावर आणि भिंतीवर पडत नाही. लॉनचे उलटे आहे. पाणी दिलेल्या गवताचा पृष्ठभाग पेव्हर ब्लॉकपेक्षा नक्कीच गार असतो, पण त्यावर बसणाऱ्याच्या डोक्यावर ऊन तसेच असते. म्हणून आपल्याकडची लॉन सकाळी आठपर्यंत आणि संध्याकाळी सातनंतर वापरली जातात. बाकी वेळ त्यांच्याकडे खिडकीतून पाहायचे.

झाड नेमके कुठे लावावे

यावल साधारण २१.२ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या शेवटच्या आठवड्यात दुपारी सूर्य जवळजवळ नेमका डोक्यावर येतो आणि झाडाची सावली त्याच्या बुंध्याशीच पडते. त्या वेळी घराचे रक्षण छप्पर करते, झाड नाही. त्रास सुरू होतो तो तीननंतर, जेव्हा सूर्य पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे झुकलेला असतो आणि भिंतीवर सरळ मारा करतो. म्हणून सावलीचे झाड घराच्या पश्चिमेला हवे.

आठ मीटर उंचीच्या झाडाची सावली मे अखेरीस दुपारी तीनच्या सुमारास साधारण सहा मीटर आणि साडेचारला बारा मीटरपर्यंत लांबते. झाड भिंतीपासून पाच-सहा मीटरवर असेल तर तीन वाजता सावली भिंतीच्या पायाशी पोहोचते आणि साडेचारला तीन मीटर उंचीची भिंत पूर्ण झाकते. याहून जवळ लावल्याने सावली फार लवकर मिळत नाही, पण फांद्या गच्चीवर येतात आणि मुळे पायाजवळ जातात. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे असतो, त्यामुळे पश्चिमेचे झाड सकाळ-दुपारचे कोवळे ऊन अडवत नाही. दक्षिणेला मात्र घनदाट झाड लावले तर डिसेंबरमध्ये अंगण गारठते. भरीत पार्टी उन्हात बसूनच करायची असते.

अंतराबाबत मी स्वतः चूक केली आहे. घर बांधले त्या वर्षी उत्साहात निंबाचे रोप कुंपणाच्या भिंतीपासून दोन मीटरवर लावले. रोप होते हातभर, दोन मीटर खूप वाटले. अकराव्या वर्षी भिंतीला तडा गेला, वर विजेची तार, आणि शेवटी झाडाचा अर्धा डेरा उतरवावा लागला. त्यामुळे आता सांगतो: भिंत, शोषखड्डा, पाण्याची टाकी, पाइपलाइन यांपासून किमान पाच-सहा मीटर, दोन झाडांत सहा ते आठ मीटर, आणि विजेच्या तारेखाली कडुनिंब नकोच. नगरपरिषद हद्दीत, म्हणजे यावल व फैजपूर शहरात, मोठे झाड काढण्यासाठी १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे परवानगी लागते. जागा चुकली तर नंतर सुधारणे सोपे नाही.

घर मळ्यात असेल तर केळीच्या ओळींपासून आठ-दहा मीटर अंतर राखावे, नाहीतर जवळच्या दोन ओळी कायम मागे राहतात. बांधावर लावायचे असेल तर शेताच्या उत्तर बांधावर लावावे. हिवाळ्यात सावली उत्तरेकडे पडते, म्हणजे आपल्या रब्बी पिकावर येत नाही. ती शेजाऱ्याच्या गव्हावर जाते, तेव्हा लावण्याआधी त्याच्याशी बोलून घ्यावे.

लागवड

कडुनिंबाचे बी टिकत नाही. पिकून पडलेली निंबोळी गर काढून, सावलीत सुकवून दोन आठवड्यांच्या आत पेरावी, त्यानंतर उगवण झपाट्याने घटते. मागच्या वर्षी साठवलेले बी पेरून ‘उगवलेच नाही’ अशी तक्रार दरवर्षी येते. जून-जुलैत गावातल्या चांगल्या, डेरेदार झाडाखालची ताजी निंबोळी गोळा करून थेट खड्ड्यात तीन-चार बिया टोकल्या तर सोटमूळ सरळ खाली जाते आणि असे झाड पिशवीतल्या रोपापेक्षा ताण चांगला सोसते. सप्टेंबरमध्ये एक जोमदार रोप ठेवून बाकीची काढावीत. रोप विकत घेणार असाल तर पिशवी फाडून मूळ पाहावे. तळाशी मुळांचे वेटोळे झालेले उंच रोप स्वस्त मिळाले तरी घेऊ नये.

खड्डा एप्रिल-मेमध्ये खोदून तापू द्यावा. गाळाच्या जमिनीत ६० सें.मी. लांबी-रुंदी-खोली पुरते, मुरमात ९० सें.मी. घ्यावा. वरच्या थरातील माती, १५-२० किलो कुजलेले शेणखत आणि एक किलो निंबोळी पेंड यांनी भरावा. न कुजलेले शेणखत घातले तर वाळवी आणि हुमणीला आमंत्रण मिळते. पहिला चांगला पाऊस झाल्यावर, जूनअखेर ते जुलैमध्ये लागवड करावी. आळ्यात केळीची वाळलेली पाने किंवा पाचटाचे चार-पाच इंच आच्छादन घालावे, बुंध्यापासून वीतभर जागा मोकळी ठेवून. शेळ्या कडुनिंब आवडीने खातात, तेव्हा पहिली तीन वर्षे बाभळीच्या काट्यांचे किंवा जाळीचे कुंपण हवेच. शासकीय वृक्षलागवडीतली रोपे पाण्याअभावी जितकी जातात, तितकीच शेळ्यांमुळे जातात, असा माझा अनुभव आहे.

चांगल्या जमिनीत तिसऱ्या वर्षी झाड तीन-चार मीटर होते. बसण्याजोगी सावली पाचव्या-सहाव्या वर्षी मिळते. लॉन दोन महिन्यांत तयार होते, आणि घराच्या वास्तुशांतीची तारीख ठरलेली असते. लॉनची खरी स्पर्धा येथेच आहे, हे मान्य करायला हवे. तोपर्यंतच्या चार-पाच वर्षांसाठी पश्चिमेला मांडव घालून त्यावर दोडका, गिलके किंवा कृष्णकमळाचा वेल सोडावा. शेवगा झपाट्याने वाढतो आणि शेंगाही देतो, पण तो वाऱ्यात मोडतो, म्हणून तात्पुरताच.

बुंधा दोन-अडीच मीटरपर्यंत एकच ठेवून खालच्या फांद्या एकदम न काढता दोन-तीन वर्षांत टप्प्याटप्प्याने काढाव्यात. पानगळीच्या वेळी, फेब्रुवारीत, दाटलेल्या व एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या विरळ कराव्यात. मे-जूनच्या वादळात डेऱ्यातून वारा पार जातो आणि झाड उभे राहते. शेंडा सरसकट छाटून खुंट ठेवण्याची पद्धत चुकीची आहे. त्या खुंटावर येणारे फुटवे वरवर चिकटलेले असतात आणि तेच पुढे वादळात पत्र्यावर पडतात.

गेल्या काही वर्षांत कडुनिंबाचे शेंडे जळाल्यासारखे वाळण्याचे प्रमाण दिसते. तेलंगणात याची बरीच चर्चा झाली आणि आपल्याकडेही झाडे तपकिरी दिसू लागली. बुरशीजन्य फांदीमर (फोमोप्सिस) आणि शेंड्यांतील रस शोषणारा ढेकूण यांचा हा परिणाम असतो. पावसाळ्याच्या उत्तरार्धात आणि हिवाळ्याच्या सुरुवातीला लक्षणे वाढतात. झाड मेले समजून तोडू नये. बहुतेक मोठी झाडे पुढच्या पालवीला सावरतात. लहान रोपांवर वाळलेले शेंडे हिरव्या भागापर्यंत कापून जाळावेत आणि शिफारशीत बुरशीनाशकाची फवारणी कृषी विज्ञान केंद्राच्या सल्ल्याने घ्यावी.

लॉन करायचेच असेल तर

जागा घराच्या पूर्वेला निवडावी. सकाळपासून दुपारपर्यंत ऊन मिळते, हरळीला दिवसातून किमान सहा तास थेट ऊन लागतेच, आणि दुपारनंतर घराचीच सावली पडल्याने पाणी वाचते. पश्चिमेचे लॉन दिवसाच्या सर्वांत कोरड्या वेळी उन्हात असते. आकार घरच्या वापरापुरता, अर्धा गुंठा पुरेसा.

जमीन फूटभर खोदून त्यातल्या लव्हाळ्याच्या गाठी हाताने वेचाव्यात. येथे घाई केली की पुढची दहा वर्षे लॉनमध्ये लव्हाळाच दिसतो. शेणखत मिसळून, हलका उतार देऊन जुलैमध्ये चार-चार इंचांवर खोडे टोकावीत. गालिचा विकत आणण्यापेक्षा हे स्वस्त आणि पावसावर होते. पावसाळ्यात आठ-दहा दिवसांनी कापणी, एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त नाही. जुलै ते ऑक्टोबर दीड महिन्याच्या अंतराने गुंठ्याला एक किलो युरिया पुरते. त्यापेक्षा जास्त दिला तर फक्त कापण्याचे काम वाढते.

सर्वांत महत्त्वाची काळजी म्हणजे ही हरळी शेतात जाऊ न देणे. हरळी जमिनीवरच्या आणि जमिनीखालच्या दोन्ही खोडांनी पसरते आणि प्रत्येक पेरापासून नवे रोप होते. संकरित लॉनला बी येत नसले तरी खोडे तितकीच पसरतात. लॉनच्या कडेने फूटभर खोल विटांची किंवा जाड प्लास्टिकची आडवण घालावी. कापलेले गवत उकिरड्यात टाकू नये, कारण खोडांचे तुकडे शेणखताबरोबर थेट केळीत जातात. लॉनच्या कडेला वळवलेला रोटाव्हेटर न झाडता बागेत नेला तर तुकडे तेथे पोहोचतात, आणि ठिबकच्या ओलीवर हरळी एका हंगामात ओळ धरते. मग काढायची कशी? केळीच्या कोवळ्या पिलांजवळ तणनाशक उडवणे धोक्याचे, आणि मजूर लावून खणणे किती पडते हे प्रत्येकाला ठाऊक आहे.

मंगल कार्यालयाच्या बाबतीत हिशोब वेगळा आहे. तेथे गवत उत्पन्नाचे साधन आहे, त्यामुळे त्यावर पाणी खर्च करण्याला कारण आहे. तरीही पूर्ण दोन एकर हिरवे करण्याची गरज नसते. स्टेजसमोरचे तीन-चार गुंठे लॉन, बाकी दाबलेला मुरूम, आणि जेवणाच्या व वाहनतळाच्या जागेवर झाडे. लगीनसराई नेमकी एप्रिल-मेमध्ये असते. दुपारच्या पंगतीला पाहुणे सावली शोधतात. छताचे व आवाराचे पावसाचे पाणी शोषखड्ड्यातून कूपनलिकेजवळ मुरवावे. जळगावजवळच्या जैन हिल्सची उजाड टेकडी आज हिरवी दिसते, पण तेथे पाणी अडवण्याची कामे झाली हे पाहायला जाणाऱ्यांच्या लक्षात राहत नाही.

दोन्ही एकाच जागी?

‘मध्ये निंब आणि खाली हिरवेगार लॉन’ ही मागणी वारंवार येते. पहिली तीन-चार वर्षे हे जमते. झाडाचा डेरा पसरू लागला की खालची हरळी विरळ होते, पाचव्या-सहाव्या वर्षी बुंध्याभोवती उघडी माती दिसते. मग मालक जास्त पाणी आणि युरिया देतो, त्याने काही होत नाही, कारण कमतरता उन्हाची असते. शिवाय लॉनला रोज दिलेल्या उथळ पाण्यामुळे झाडाची मुळे वरच राहतात आणि वादळात असे झाड लवकर कलते. फेब्रुवारी-मार्चमध्ये गळणारी पाने गवतावर साचून ते गुदमरते, ती रोज झाडावी लागतात. दोन्ही ठेवायचे तर जागा वेगळ्या ठेवाव्यात.

निंबाखाली दाबलेला मुरूम आणि त्यावर शेणसडा, यापेक्षा चांगली जमीन मला अजून सापडलेली नाही. पार बांधायचा असेल तर बुंध्याभोवती किमान एक मीटर माती उघडी ठेवून कडेने बांधावा. बुंध्यावर मातीचा भराव चढवू नये, साल कुजते. पेव्हर ब्लॉक बुंध्याला भिडवणे हा सध्या शाळा आणि ग्रामपंचायतींच्या आवारात सर्रास दिसणारा प्रकार आहे. दिल्लीतल्या झाडांबाबत राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये बुंध्याभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचा आदेश दिला होता, तो मापदंड आपल्या गावातही वापरायला हरकत नाही.

कडुनिंबाऐवजी काय

करंज हा जवळचा पर्याय. डेरा गोलसर, सावली दाट, उंची कमी, आणि एप्रिलमध्ये नवी पालवी. लहान अंगणात मी करंजच सुचवतो. चिंच उत्तम, पण तिची सावली पुढच्या पिढीला. वड, पिंपळ, उंबर गावठाणात, देवळाजवळ, तळ्याकाठी लावावेत, घरापासून आणि विहिरीपासून पंधरा मीटर दूर. रेन ट्री झपाट्याने पसरतो, पण वादळात मोठ्या फांद्या मोडतो. कोनोकार्पस घरासमोर लावू नये. तो बारमाही हिरवा दिसतो म्हणून रोपवाटिका पुढे करतात, पण गुजरातने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली आहे.

कडुनिंबाच्या बाजूने शेतकऱ्याला आणखी एक कारण आहे. पूर्ण वाढलेले झाड हंगामात ३० ते ५० किलो निंबोळ्या देते. पाच किलो वाळलेल्या निंबोळ्यांची भरड रात्रभर पाण्यात भिजवून, सकाळी गाळून, २०० ग्रॅम साबणाचा चुरा मिसळून शंभर लिटर द्रावण केले की पाच टक्के निंबोळी अर्क तयार होतो. कपाशी आणि भाजीपाल्यावरील रसशोषक किडींसाठी सुरुवातीच्या फवारण्या यावर भागतात.

यंदा लावायचे असेल तर खड्डे मेअखेरपर्यंत तयार ठेवावेत, निंबोळ्या पडू लागल्या की आठ दिवसांत टोकाव्यात आणि कुंपणाच्या काट्या त्याच दिवशी आणून ठेवाव्यात. लॉनची जागा आखली असेल तर ती या पावसाळ्यात नुसती नांगरून, लव्हाळा उगवू देऊन दोनदा वेचून काढावी आणि गवत पुढच्या जुलैत लावावे.